पंपांच्या सर्व्हरसाठी एलिक्सर घ्यावं की गो?

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत मोबाइलवरून चालणारे मोटर-स्टार्टर आता दिसू लागले आहेत. त्यांचा सर्व्हर एलिक्सर किंवा गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा असेल तर आधी लाईनचा विचार करा. फिडरवर लाईन आली की शेकडो स्टार्टर एकदम जोडले जातात, गेली की एकदम गायब. प्रत्येकाला स्वतःची हलकी प्रोसेस, म्हणजे सर्व्हरमध्ये वेगळं चालणारं छोटं काम, हवी, आणि ती दोन्हीकडे मिळते. गोमधल्या अशा कामाला गोरूटीन म्हणतात, त्याचा स्टॅक (कामापुरती मेमरी) 2 केबीपासून सुरू होतो, एलिक्सरची प्रोसेसही दोन-तीन केबीत उभी राहते. आकडेमोडीत गो पुढे आहे, पण पंपाच्या सर्व्हरला आकडेमोड असते किती?

फरक कळतो तो बिघाड झाल्यावर. माझा पहिला सर्व्हर गोमध्ये होता. एका स्टार्टरनं व्होल्टेजच्या जागी काहीच पाठवलं नाही, त्याच्या गोरूटीनमध्ये पॅनिक झालं, म्हणजे काम चुकीवर अडकून कोसळलं, मी तिथे ते सावरणारं रिकव्हर लावलं नव्हतं, आणि अख्खा प्रोग्रॅम बसला. रात्रीचे अडीच, थ्री फेज चालू, आणि ओलितासाठी जागलेल्या एकाचीही मोटर मोबाइलवरून सुरू होईना. रिकव्हर प्रत्येक गोरूटीनमध्ये वेगळं लावावं लागतं. एक सुटलं की संपलं.

एलिक्सर अर्लांग या जुन्या भाषेच्या आभासी यंत्रावर (व्हर्च्युअल मशीन) चालतं, आणि अर्लांग 1980 च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलं. एक कॉल बिघडला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत, ही तिथली गरज. म्हणून प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. एकमेकींना फक्त निरोप पाठवता येतो. वाईट पाकीट (चुकीचा डेटा) आलं तर तेवढी एक प्रोसेस मरते आणि सुपरवायझर, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारी प्रोसेस, ती परत उभी करतो. मात्र एक खाचखळगा लक्षात ठेवा: 5 सेकंदांत 3 पेक्षा जास्त वेळा उभं करावं लागलं तर मूळ सेटिंगनुसार सुपरवायझरच हार मानतो, आणि त्याच्याखालच्या सगळ्या प्रोसेस जातात. स्टार्टरच्या प्रोसेस 'टेम्पररी' ठेवा, म्हणजे मेल्या तरी सुपरवायझर त्या परत उभ्या करणार नाही. स्टार्टर पुन्हा जोडला की नवी उघडेल.

निरोपांच्या पेटीत मात्र गो मला जास्त सरळ वाटतं. तिथे गोरूटीन एकमेकांना चॅनलमधून निरोप देतात, त्या चॅनलचा आकार आपण आधी ठरवतो, भरला की पाठवणारा थांबतो. एलिक्सरच्या पेटीला मर्यादाच नाही. डेटाबेसमध्ये नोंद करणारी एकच प्रोसेस ठेवलीत, तर लाईन आल्याबरोबर पेटी फुगते आणि मेमरी खाऊन टाकते. तिथे कास्टऐवजी (निरोप टाकून पुढे जाणं) कॉल वापरा, म्हणजे पाठवणारा उत्तराची वाट पाहील.

जावा ही भाषा येणारी माणसं हाताशी असतील तर 2023 च्या जावा 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे तिथल्या अशाच हलक्या प्रोसेस, त्याही चालतील, पण सुपरवायझर तिथे आयता नाही. बांधावरच्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्यासाठी मी गोच घेईन. एक फाइल टाकली की झालं. सगळे स्टार्टर जोडले जातात त्या मधल्या सर्व्हरसाठी एलिक्सर.

ठरवण्याआधी दोन्हींत 10 हजार खोटे स्टार्टर जोडा, त्यातल्या 50 जणांकडून मुद्दाम वाईट पाकिटं पाठवा, आणि उरलेल्यांच्या मोटरी चालू राहतात का ते बघा.