पहिले स्नॉर्केलिंग : फुल फेस मास्क की साधा मास्क आणि नळी?

अंदमानातील नील बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या शहीद द्वीपावर, भरतपूर किनाऱ्यालगतचे प्रवाळ पाहण्यासाठी मी लागोपाठ दोन दिवस स्नॉर्केलिंगला, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत खालचे पाहायला, पाण्यात उतरलो. डोळे आणि नाक झाकणारा साधा मास्क मी घरूनच नेला होता; परंतु तोंडात नळी धरण्याच्या धास्तीने पहिल्या दिवशी तो पिशवीतच राहिला आणि सोबत्याचा संपूर्ण चेहरा झाकणारा फुल फेस मास्क मी मागून घेतला.

पहिल्या अर्ध्या तासापुरता फुल फेसच सरस ठरतो, हे मान्य करायला हवे. त्यात नेहमीप्रमाणे नाकाने श्वास घेता येतो. उलट साध्या नळीतून तोंडानेच श्वास घ्यायचा आहे, हे स्वतःला पटवून देण्यात माझी पंधरा मिनिटे गेली आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखत राहिला. शिवाय साध्या मास्कची कड मिशीवर नीट चिकटत नाही व तेथून पाणी झिरपते. मी नाकाखालची रेघभर मिशी वस्तऱ्याने काढली, त्यावर घरच्यांनी मनसोक्त हसून घेतले. (दाढीवाल्यांना फुल फेसही दाद देत नाही.)

माझा निर्णय मात्र चष्म्याने केला. माझा नंबर उणे चार आहे आणि चष्म्याच्या काड्या मध्ये आल्या की कोणताच मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे किरकोळ नंबर असलेल्यांचे कदाचित निभावत असेल. परंतु पहिल्या दिवशी आमचा गाइड समुद्रफुलातील क्लाउनफिश बोटाने दाखवत होता, तेव्हा मला केवळ एक नारिंगी डाग हलताना दिसला. त्या दिवशी सतत एक बारीक कटकट मात्र ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी नंबरच्या काचांचा साधा मास्क लावल्यावर तिचा उगम दिसला: पॅरटफिश दातांनी प्रवाळ कुरतडत होते. दोन स्वतंत्र काचांच्या साध्या मास्कमध्ये नंबरच्या तयार काचा बसवून मिळतात. त्या बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने येतात. माझा सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर त्यात आला नाही, पण पाण्यात त्याची उणीव भासली नाही. काही फुल फेस मास्कमध्येही आत चष्म्याची चौकट बसवता येते, परंतु ती मी वापरलेली नाही.

नळीत पाणी शिरल्यास साध्या प्रकारात जोराने फुंकले की काम भागते. फुल फेसमध्ये पाणी साचले किंवा सोबत्याशी दोन शब्द बोलायचे झाले, की मी सगळा मास्क उतरवत असे. अशा वेळी नवखा माणूस आधारासाठी पाय टेकतो आणि तो पाय नेमका प्रवाळावर पडतो. बुडी मारताना कानातील दाब सोडण्यासाठी नाक चिमटीत धरावे लागते, तेही बहुतेक फुल फेसमध्ये जमत नाही. अर्थात लाइफ जॅकेट घातलेल्यांना हा प्रश्न पडणार नाही.

चष्मा नसेल आणि अर्धा तास पृष्ठभागावरच तरंगायचे असेल, तर फुल फेस घेण्यास माझी हरकत नाही. मात्र सोडलेला श्वास वेगळ्या मार्गाने बाहेर जातो ना, हे पाहूनच तो घ्यावा. स्वस्त नकलेत झडपा नीट बसत नसतील, तर तीच हवा पुन्हा छातीत जाते. चष्मेवाल्यांनी मात्र नंबरचा साधा मास्क आधीच घेऊन घरच्या बादलीत तोंड बुडवून सराव करावा. किनाऱ्यावर भाड्याने नंबरवाला मास्क मिळेल, असे मी तरी गृहीत धरणार नाही.