पीएस५ घेऊ की पीसी? आंब्याचे पैसे यायच्या आधी करून ठेवलेला हिशोब

माझा भाचा देवगडला असतो, यंदा बारावी, आणि गेल्या दोन महिन्यांत त्याने मला हा एकच प्रश्न दहा वेळा तरी विचारलाय, "मामा, पीएस फायव घेव काय पीसी करून घेव?" भावोजींचं उत्तर ठरलेलं, आंब्याचे पैशे हातात येवदेत, मगे बघूया. बजेट पंच्याहत्तर हजार, वर एक रुपया नाही. मी रत्नागिरीत बरीच वर्षं पीसीवर खेळतोय आणि चिपळूणला मावसभावाकडे पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आहे त्याच्यावर दर सुट्टीत तासन्‌तास घालवलेत, तर दोन्हीकडचं जे प्रत्यक्ष बघितलंय ते इथे लिहितो, कारण युट्युबवरचे व्हिडिओ दिल्ली-बंगळुरूच्या घरात बसून केलेले असतात आणि आपल्याकडचं घर, हवा, लाईट सगळंच वेगळं आहे.

आधी किंमत. पीएस५ स्लिम २०२४ ला भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल, म्हणजे गेम फक्त डाउनलोड करायचे तो, ४४,९९०. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० ला ३४,९९० ला आलेला, पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही आणि ग्राफिक्सची ताकद ४ टेराफ्लॉप (सेकंदाला किती गणितं होतात त्याचं माप), म्हणजे पीएस५ च्या १०.२८ च्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तो मी या हिशोबातून बाजूला ठेवतो. पीएस५ च्या पोटात एएमडीचा आठ कोरचा झेन २ प्रोसेसर, आरडीएनए २ चं ग्राफिक्स आणि १६ जीबी मेमरी जी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं मिळून वापरतात, आणि एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. आता एवढंच काम करणारा पीसी बांधायला बसा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, बरा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, हे सगळं मुंबईहून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातल्या दराने मागवलं तरी साधारण पासष्ट हजारांच्या आसपास जायचं, आणि हा २०२५ च्या मध्याचा भाव सांगतोय. त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची सगळी मागणी ओढून घेतली आणि रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशियल नावाने दुकानात मिळणारी रॅम आणि एसएसडी आम्ही बंद करतोय. म्हणजे आज पीसी घ्यायला बसलेला माणूस चुकीच्या वर्षात बसलाय, हे भाच्याला मी पहिल्यांदा सांगितलं.

आणि पासष्टमध्ये मॉनिटर, कीबोर्ड, माऊस नाहीत बरं का. टीव्हीला जोडता येतो पीसी, पण जेवणाच्या वेळी आईची सिरीयल आणि तुझी मॅच यात कोण जिंकणार ते सगळ्यांना माहितीय. मॉनिटरचे दहा धरा, बाकीचे दोन. कन्सोल मात्र सरळ टीव्हीला लागतो, कंट्रोलर एक डब्यातच येतो, दुसरा घ्यायचा तर सहा हजारांच्या आसपास.

कन्सोल एवढा स्वस्त पडतो कसा, याचं कारण कंपनी पैसे यंत्रावर कमवत नाही, पुढे कमवते. पीएस५ बाजारात आला तेव्हा सोनी डिस्कवाला मॉडेल तोट्यातच विकत होती, तो तोटा थांबला असं त्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. मग वसुली कुठून? एक तर गेममधून, नवा मोठा गेम साधारण चार-पाच हजारांना. दुसरी ऑनलाईनची फी. विकतचा गेम मित्रांबरोबर ऑनलाईन खेळायचा तर पीएस प्लस लागतंच, साधा प्लॅनसुद्धा वर्षाला चार हजारांच्या घरात. फोर्टनाईटसारख्या फुकट गेमला लागत नाही, पण फुटबॉलचा गेम घेतलात आणि ऑनलाईन मॅच खेळायच्यात तर लागणार. पाच वर्षांचे वीस हजार झाले. पंचावन्न अधिक वीस, पंच्याहत्तर. पीसीची ऑनलाईनची फी शून्य, स्टीम या पीसीच्या ऑनलाईन गेम दुकानात रुपयात पैसे भरता येतात, समर आणि विंटर सेलला दोन-तीन वर्षं जुने चांगले गेम पाचशे-हजारात पडतात, एपिक हे दुसरं दुकान दर आठवड्याला काही ना काही फुकट देतंच. माझ्या लायब्ररीतल्या निम्म्याहून जास्त गेमला मी एक पैसाही दिलेला नाही. पण डिस्कला एक गोष्ट आहे जी पीसीला नाही, गेम संपला की डिस्क विकता येते, मित्राबरोबर बदलता येते. मावसभाऊ आणि त्याचे चार मित्र मिळून एकच डिस्क फिरवतात, असा ग्रुप असेल तर गेमचा खर्च पाचव्या हिश्श्यावर येतो आणि मग माझं वरचं गणित उलटं फिरतं. म्हणूनच मी कुणालाही डिजिटल घे म्हणून सांगत नाही, थोडे पैसे वाचतात आणि एकाच दुकानाला बांधले जाता.

परफॉर्मन्सबद्दल लोक आकडे फेकत बसतात, मला जे डोळ्याला दिसलं ते सांगतो. पीएस५ वर बहुतेक गेमना दोन मोड असतात, क्वालिटीला चित्र सुंदर पण सेकंदाला ३० फ्रेम, परफॉर्मन्सला ६० फ्रेम आणि चित्र थोडं मऊ. घरातल्या ४३ इंची टीव्हीवर आठ फुटांवरून हा मऊपणा मला तरी कळत नाही. ४०६० वर १०८० पी ला हाय सेटिंगवर ६० च्या वर आरामात जातं, डीएलएसएस (छोटं चित्र काढून एआयने मोठं करणारी सोय) लावलं की आणखी, आणि नेमबाजीच्या गेममध्ये १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर माऊसने जो नेम लागतो तो कंट्रोलरवर नाहीच, यात मी वाद घालणार नाही. पण पीसीवर नवा गेम पहिल्या दिवशी घेतला तर तो धड चालेलच असं नाही. कन्सोल एकच, त्यामुळे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) आधीच तयार करून देतात, पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं म्हणून ते तुमच्या मशीनवर तयार होतात आणि गेम मध्येच अडकल्यासारखा झटका देतो. द लास्ट ऑफ अस पार्ट वन मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डवाल्यांचे जे हाल झाले ते मी स्वतः भोगलेत, पुढे पॅच येऊन सुधारला, पण तोपर्यंत माझा उत्साह संपलेला. कन्सोलवर डिस्क घातली, अपडेट झालं, खेळ सुरू. दमून घरी आलेल्या माणसाला याची किंमत कळते.

आणि काही गेम पीसीवर उशिरा येतात. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ ला, पीसीवर एप्रिल २०१५ ला. जीटीए ६ ची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६, तीही पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठीच, पीसीचं नाव त्यात नाही. उलट काउंटर स्ट्राईक २ फक्त पीसीवर, आणि व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला खरा पण कन्सोलवाल्यांना पीसीवाल्यांबरोबर खेळता येत नाही. तेव्हा घ्यायच्या आधी मित्र कुठे खेळतात ते विचारा, एकट्याने व्हॅलोरंट खेळायला कोण बसणार.

आता आपल्याकडचं, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं. २०२३ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस, वीज कडाडली, घरातला टीव्ही वाचला आणि माझ्या पीसीचा एसएमपीएस गेला. बाजारात कॉम्प्युटरवाल्याकडे नेला, त्याने दुसरा लावून बघितला, बाकी सगळं शाबूत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खेळत होतो. मावसभावाच्या पीएस५ चा एचडीएमआय पोर्ट गेला तेव्हा चिपळुणात त्याला हात लावायला कुणी तयार नाही, आत प्रोसेसरवर लिक्विड मेटल (उष्णता ओढणारा पातळ धातू) आहे, उघडणाऱ्याला माहिती नसेल तर ते सांडून बोर्डच जायचा. शेवटी गावी आलेल्या एका चाकरमान्याच्या हातून कोकणकन्येने मुंबईला पाठवला, परत यायला पाच आठवडे. किंमतीच्या तक्त्यात ही ओळ कुणी लिहीत नाही आणि आपल्याकडे तीच सगळ्यात मोठी ओळ आहे. बिघडल्यावर जवळचा माणूस कोण?

खारी हवा दोघांनाही खाते. देवगड, मालवण, समुद्राला लागून घर असेल तर कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, रॅमच्या पट्टीवर थर बसतो आणि पीसी एक दिवस चालूच होत नाही, मग रॅम काढायची, सोनेरी टोकं खोडरबरने हळू पुसायची, परत बसवायची, दहापैकी सात वेळा तेवढ्यावर सुरू होतो. कन्सोलमध्ये हे करता येत नाही. पावसाळ्यात दोन्ही रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, आतल्या गरमीने ओल मरते, आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. लाईटचं म्हणाल तर पीएस५ मोठ्या गेमला साधारण २०० वॉट घेतो, रोज तीन तास धरले तर महिन्याला १८ युनिट, पीसी मॉनिटरसकट पंचवीसच्या आसपास, त्यामुळे बिलावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. यूपीएस मात्र दोघांनाही लागतो, लाईट गेल्यावर खेळत बसायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडला आहे का बघून घ्या, नाहीतर लाईट जाताना मधल्या क्षणात मशीन बंद पडते.

डाउनलोड हा खेडेगावातला खरा प्रश्न. १०० जीबीचा गेम आणि रोजचा २ जीबीचा मोबाईल पॅक, पन्नास दिवस. डिस्क असेल तर निदान मूळ गेम आत जातो, वरचं अपडेट हळूहळू. पीसीवाल्याने मित्राकडच्या स्टीमच्या फोल्डरची कॉपी एक्स्टर्नल एसएसडीवर आणायची, आपल्या अकाऊंटवर गेम असला की स्टीम ती फाईल ओळखतं आणि उरलेलं तेवढंच ओढतं. मी तीन मोठे गेम असेच आणलेत.

मावसभावाने कन्सोल का घेतला तेही सांगायला पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याचा पीसी तळमजल्यावर टेबलाखाली होता, पाणी चढत होतं तेव्हा आधी आजीला वर नेली, मग कागदपत्रं, मग धान्य, पीसीची पाळी आलीच नाही. त्यानंतर तो म्हणाला मला काखेत मारून माळ्यावर नेता येईल अशीच वस्तू पाहिजे. स्लिमचं वजन ३.२ किलो आहे. वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला मी पीसी घे म्हणून कधीच सांगणार नाही.

भाच्याचं वेगळं आहे. त्याचं घर उंचावर, बारावीनंतर इंजिनिअरिंगचं ठरलंय, रत्नागिरीला आमच्याकडेच राहणार, आणि कोडिंगला, कॅडला कॉम्प्युटर लागणारच, तो आज ना उद्या घ्यावाच लागेल. पीएस५ घेतला तर वर लॅपटॉपचे चाळीस-पन्नास वेगळे, आणि ते भावोजींकडून मागायची माझी तयारी नाही. म्हणून त्याला पीसीच सांगितलाय, पण सगळा एकदम नाही. आंब्याचे पैसे आले की बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस घ्यायचा, रॅम आत्ता ८ चीच एक पट्टी, दुसरी भाव उतरल्यावर, आणि ग्राफिक्स कार्ड पहिलं सेमिस्टर झाल्यावर, तोपर्यंत माझं जुनं १६५० त्याला देतोय, व्हॅलोरंट त्याच्यावर मस्त चालतो. एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नकोस एवढं मात्र दोनदा बजावलंय.

जीटीए ६ चं काय, असं त्याने लगेच विचारलं. त्याला म्हटलं दिवाळीनंतर चिपळूणला जाऊया, दादाकडे दोन कंट्रोलर आहेत.