रंगाखाली लपलेली नक्कल

टेबलावर छोटे सैनिक मांडून 1815 ची वॉटर्लूची लढाई उभी करायची, त्यासाठी मला फ्रेंच पायदळाची एक तुकडी हवी होती. 28 मिलिमीटरचे, धातूचे, रंगवलेले 36 सैनिक एका साइटवर विक्रीला दिसले आणि फोटो बघून मी हरखून गेलो. शाकोवरचा, म्हणजे उंच लष्करी टोपीवरचा पितळी पत्रा, छातीवर फुली करणारे पांढरे पट्टे, गालांवरच्या सावल्या, सगळं अगदी मन लावून केलेलं. ‘मूळ कंपनीचेच आहेत, वर्षभर खपून रंगवलेत,’ असं विकणारा सांगत होता. पैसे मात्र त्याने साइटच्या बाहेर, थेट मागितले. मी दिले. तिथेच फसलो.

पार्सल उघडलं तर फोटोतले सैनिक त्यात नव्हतेच. रंगाचे जाड थर, त्यात बुडालेली बटणं. निम्म्यांचे कोट लांब शेपटांचे, म्हणजे गणवेशाच्या 1812 च्या नव्या नियमांआधीचे. मला 1815 ची तुकडी उभी करायची होती! त्यातला एक माझ्याकडच्या अस्सल सैनिकाशेजारी ठेवला, तर किंचित बुटका. मग खरी शंका आली आणि मी त्याचा रंग उतरवला. खांद्यावरच्या पिशवीत बुडबुड्यांचे खड्डे, ते पुट्टीने बुजवलेले. बक्कल गुळगुळीत. तळाशी कंपनीची खूण असते ती घासून काढलेली.

अस्सल सैनिकावरून रबरी साचा काढून त्यात धातू ओतला की अशी नक्कल तयार होते. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नकलेवरून काढलेली नक्कल आणखी लहान, आणखी बोथट. त्यावर रंग चढला की फोटोत काहीच कळत नाही. म्हणून घेण्याआधी तळाचा फोटो मागा, पाठीचा मागा, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम. आणि असा अनोळखी धातू हाती आलाच तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

तक्रार केली, पण व्यवहार बाहेर झाला म्हणून साइटने हात वर केले. फोटो ज्याच्या कामाचा होता तो रंगवणारा मला शोधाशोध करून सापडला. त्याची तुकडी त्याच्याच कपाटात होती, त्याने ती कधी विकायला काढलीच नव्हती.

परवा तोच फोटो पुन्हा विक्रीला दिसला. विकणाऱ्याचं नाव नवं, आणि कडेचा ढोलवाला कापून टाकलेला.