जनरेटरच्या चेंजओव्हरला जोडलेला एनर्जी मॉनिटर : इंदूरच्या घरातील अनुभव

इंदूरच्या लोकमान्यनगरातील आमच्या घराला तीन फेजची जोडणी आहे, आणि वीज गेली की ५ केव्हीएचा सिंगल फेज डिझेल जनरेटर चार पोलच्या चेंजओव्हरमधून (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचमधून) सगळे घर चालवतो. तीन सीटींचा (तारेभोवती चढवून करंट मोजणाऱ्या सेन्सरांचा) आणि घराचा वीजवापर अॅपवर दाखवणारा वाय-फाय एनर्जी मॉनिटर महाराणी रोडवरील एका दुकानातून घेतला आणि त्यांच्याच कारागिराकडून बसवून घेतला. उपकरण चांगले आहे, पण ते उपयोगी ठरले ते जोडणीमुळे.

कारागिराने तिन्ही सीटी चेंजओव्हरच्या पुढे, घराकडे जाणाऱ्या फेजच्या तारांवर चढवले आणि मॉनिटरसाठी लागणारे तिन्ही फेज व न्यूट्रलही तिथूनच, एमसीबीमार्फत घेतले. हा पुरवठा मीटरच्या बाजूने घेतला असता, तर वीज जाताच मॉनिटरही बंद पडला असता आणि जनरेटरवरचा भार नेमका हवा तेव्हाच दिसला नसता.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य विचारावी. सिंगल फेज जनरेटरवर घर चालू असताना घरातील तिन्ही फेजना एकच फेज मिळतो, त्यांच्यातील १२० अंशांचे अंतर उरत नाही. जो मॉनिटर एकाच फेजचा व्होल्टेज मोजून बाकीचे दोन गणिताने गृहीत धरतो, तो अशा वेळी त्या दोनपैकी एका फेजवरील २ किलोवॅटचा गीझर उणे १ किलोवॅट दाखवील. आमचा मॉनिटर प्रत्येक फेजचा व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजतो, त्यामुळे त्याचे आकडे जनरेटरवरही बरोबर येतात, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएमधील प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरल्यास ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. गीझर आणि दीड टनाचा एसी एकत्र चालू असताना पाण्याची मोटर लावायची की नाही, हे आता अंदाजावर सोडावे लागत नाही. भार वाढला की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली उतरताना दिसते आणि इंजिनावर ताण येत असल्याचे कळते. मात्र मोटर सुरू होताना क्षणभर ओढला जाणारा, नेहमीच्या कित्येक पट करंट या उपकरणाला पकडता येत नाही, म्हणून थोडी क्षमता राखूनच ठेवावी. वीज गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत वाय-फाय बंद पडू नये, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर असलेला बरा.

उणीव एकच, पण महत्त्वाची आहे. अॅप सर्व युनिटांना एकच दर लावते. लहान जनरेटर लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम अडीच-तीन युनिट देतो, म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे तीस रुपयांच्या वर जातो, आणि महिन्याच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही. त्यासाठी जनरेटरच्या आउटपुटवर एक साधा सिंगल फेज सब-मीटर बसवून त्याचे युनिट वेगळे काढावे. कारागिराला बोलावतानाच हे काम सांगून ठेवले, तर पॅनेल पुन्हा उघडावे लागत नाही.