फेअरट्रेड चॉकलेट: दिवाळी ते मृग, लातूरमधला अनुभव

आमच्या घरात चॉकलेट म्हणजे कॅडबरी, हे आईवडिलांपासून चालत आले आहे आणि त्या चवीबद्दल माझी आजही काडीची तक्रार नाही. तरीही गेल्या दिवाळीपासून मी फेअरट्रेडचा, म्हणजे कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याला किमान भाव बांधून देणाऱ्या पद्धतीचा, शिक्का असलेला सत्तर टक्के कोकोचा बार मागवतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि मळ्यांतील बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार बंद करण्याचा करार मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्ये केला असूनही तिथली बालमजुरी संपलेली नाही. सोयाबीनचा भाव पडला की घरचे वर्षाचे गणित कसे कोलमडते हे मी पाहत आलो आहे; अशी पद्धत चॉकलेटात आहे असे कळल्यावर मला गप्प बसवले नाही.

कडवटपणाची सवय पंधरवड्यात झाली. खरी अडचण उन्हाळ्यात आली. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, साधारण ३४ अंशांना वितळते आणि लातूरचा एप्रिल चाळिशी ओलांडतो. त्या महिन्यात आलेले पार्सल उघडले तेव्हा बार चांदीच्या कागदाला चिकटून बसला होता, चौकोनांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर त्यावर पांढुरके पट्टे उमटले. हे पट्टे म्हणजे वर आलेले कोको बटरच असते, ते खाण्यास अपायकारक नसते, हे मला मान्य आहे. परंतु नेहमीच्या बारच्या जवळपास तिप्पट पैसे मोजल्यावर तुकडा मोडताना कट् असा आवाजही येऊ नये, हे मान्य नाही. विक्रेत्याने फोटो मागवले, आठवडाभर झुलवले आणि शेवटी पुढच्या खरेदीत वापरायचे कूपन पाठवले. उन्हाळ्यात बर्फाच्या पिशवीसह पाठवा, त्याचे वेगळे पैसे घ्या, असे मी तीनदा लिहिले. त्याला उत्तर नाही.

त्या रागातच मी हिशेब मांडला आणि माझे मत तिथे बदलले. फेअरट्रेडचा कोकोचा किमान भाव ऑक्टोबर २०१९ पासून टनाला २,४०० डॉलर आणि प्रीमियम, म्हणजे भावाव्यतिरिक्त द्यायची जादा रक्कम, २४० डॉलर ठरला होता. बाजारभाव किमान भावाच्या वर गेला की बाजारभावच द्यावा लागतो. २०२४ मध्ये तर तो दहा हजार डॉलरच्या पुढे गेला होता. अशा वेळी शिक्क्यामुळे जास्तीचा मिळतो तो मुख्यतः प्रीमियम, आणि तो कसा खर्चायचा हे शेतकऱ्यांची सहकारी संस्था सभासदांच्या मताने ठरवते. शंभर ग्रॅमच्या माझ्या बारला जितक्या कोकोच्या बिया लागतात, त्यांवर हा प्रीमियम दोन रुपयांच्या आत बसतो. म्हणजे मी जो तिप्पट दर मोजतो, त्यातला फार मोठा भाग आयात, कर, वाहतूक आणि दुकानदारी यांत जातो. महाग म्हणजे शेतकऱ्याच्या हिताचे, ही माझी दिवाळीतली समजूत आता राहिलेली नाही.

मात्र शिक्क्यावरचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला. किमान भावाची खरी गरज भाव पडलेल्या वर्षी लागते, आणि बाजार चढा असतानाही प्रीमियम थांबत नाही. म्हणून मी बार बंद केलेला नाही. मार्च ते जून मागवत नाही, थंडीत साठा करून ठेवतो आणि एका वेळी दोनच चौकोन खातो.

मुलीला अजूनही कॅडबरीच हवी असते आणि मी ती आणतो. ब्रिटनमध्ये डेअरी मिल्कवर २००९ मध्ये हाच शिक्का आला होता. २०१६ मध्ये कंपनीने आपल्या स्वतःच्या कोको लाइफ या योजनेकडे वळण्याचे जाहीर केले. माझी कंपनीकडे एकच मागणी आहे: तो शिक्का भारतातल्या बारवर आणावा आणि त्यासाठी किमतीत दोन रुपये वाढवावेत. औसा रोडवरच्या किराणा दुकानातून मी तो बार त्याच दिवशी घेईन.