जपानच्या कोन्बिनीचा रिव्ह्यू (आईसोबत बारा दिवस)

जपानहून येऊन आठ दिवस झाले आणि बिल्डिंगमधला जो भेटतो तो एकच विचारून राहिला, बुलेट ट्रेन कशी होती? छान होती भाऊ, जोरात गेली, वेळेवर गेली, संपलं. मला रिव्ह्यू लिहायचाय तो कोन्बिनीचा, कारण बुलेट ट्रेनमध्ये आम्ही दोनदा बसलो आणि कोन्बिनीत किमान चाळीसदा गेलो असू.

कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. किराणा, डबा, चहा-कॉफी, एटीएम, झेरॉक्स, कुरियर, संडास, सगळं एका छताखाली. सेव्हन इलेव्हन, फॅमिली मार्ट आणि लॉसन ह्या तीन मोठ्या कंपन्या, आणि देशभर सगळी मिळून पन्नास हजाराच्या वर दुकानं. सेव्हन इलेव्हनचं तिथलं पहिलं दुकान 1974 ला टोकियोत तोयोसूला निघालं, नाव मूळ अमेरिकेतलं, सकाळी सात ते रात्री अकरा उघडं म्हणून, आता अकराला बंदच होत नाही पण नाव तेच. आमचं रोजचं दुकान कोणत्या कंपनीचं ते मी सांगणार नाही कारण पुढे एक तक्रार आहे.

तर धाकटा भाऊ टोकियोत निशिकासाईला राहतो, तिथे आपले लोक बरेच आहेत, त्याच्याकडे मी आणि आई गेलो होतो. आई 67 वर्षांची, शाकाहारी, म्हणजे केकातलं अंडं चालतं, दिसणारं चालत नाही. तिच्यासाठी जपान म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्ध विहार, तेच, जपानच्या नोरिको ओगावा बाईंच्या मदतीने 1999 ला झालेलं. तिथली शांतता बघून तिला वाटलेलं की आख्खा जपान असाच कुजबुजत बोलत असणार. आणि पहिल्याच संध्याकाळी कोन्बिनीचं दार सरकलं, टिंगटिंग वाजलं आणि आतून पोरगा ओरडला, इराश्शाइमासे! आई दचकून मला म्हणे, हा कोणावर ओरडला? भावाने सांगितलं की अगं 'या, या' म्हणतोय, पण उत्तर द्यायचं नसतं, कोणीच देत नाही. तिला ते शेवटपर्यंत जमलं नाही. रोज आत शिरताना ती त्याच्याकडे बघून "हो बाबा, आलो" म्हणायचीच.

आता सर्व्हिस. जमिनीवर पावलांची चित्रं चिकटवलेली, तिथेच उभं राहायचं, एकच रांग, जो काउंटर रिकामा होईल तिथे पुढचा माणूस. मागून हात घालून "भाऊ फक्त एक दूध पिशवी द्या न" म्हणणारा बारा दिवसांत एकही दिसला नाही. काउंटरवर विचारायचं ते ठरलेलं: पिशवी पाहिजे का (जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे लागतात), गरम करून देऊ का, चॉपस्टिक पाहिजे का, कार्ड की रोख. आईला जपानी शून्य येते पण तिसऱ्या दिवशी तिने क्रमच पाठ केला, पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही, आणि नोट पुढे. आरतीत कुठे टाळी वाजवायची ते जसं माहीत असतं तसं. नोट हातात द्यायची नाही बरं का, एक छोटा ट्रे असतो त्यात ठेवायची. परत देताना नोटा आपल्यासमोर मोजून दाखवतात आणि एका येनपर्यंत सगळे सुट्टे देतात, चॉकलेट नाही देत.

बसून खायला कोपऱ्यात दोन-तीन खुर्च्या होत्या. इथे एक मजा आहे, तेच खाणं घरी नेलं तर टॅक्स 8 टक्के आणि तिथेच बसून खाल्लं तर 10, ऑक्टोबर 2019 पासून. हे कळल्यावर आई एकदाही बसली नाही. दोन टक्के वाचवायला थंडीत बाहेर उभी राहून खायची. बाहेरच्या मशीनमध्ये गरम डबे मिळतात, लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड, आणि चहा-कॉफी सोडा, मक्याचं सूपसुद्धा डब्यात गरम निघतं. आई ते प्यायची नाही, खिशात ठेवून हात शेकायची.

खाण्यात पहिला नंबर आनपानचा. पाव असतो आणि आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, अरे हे तर पुरण आहे, वेलची विसरले फक्त. पुरणाचा पाव! जपान्यांना हे 1874 ला सुचलं, टोकियोच्या गिन्झामधल्या किमुराया बेकरीत. मेलोनपानमध्ये मेलन नसतं, वरची नक्षी तशी दिसते म्हणून ते नाव, मला ठीक वाटला. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण, आत काहीतरी भरलेलं, दीडशे येनच्या आसपास. त्याचं पॅकिंग बघण्यासारखं आहे, 1, 2, 3 आकडे छापलेले असतात, त्या क्रमाने ओढलं की शेवाळाचा कुरकुरीत कागद, जो तोपर्यंत भातापासून वेगळा ठेवलेला असतो, तो आपोआप भाताला गुंडाळला जातो. मी पहिल्यांदा 2 आधी ओढला आणि भात जॅकेटवर.

तक्रार इथेच आहे. चौथ्या दिवशी भाऊ ऑफिसला गेलेला, आईने स्वतः एक ओनिगिरी उचलली, आत तपकिरी काहीतरी. तिला वाटलं परतलेला कांदा. अर्धी खाऊन झाल्यावर मी फोनवर फोटो काढून भाषांतर केलं, तर ओकाका, म्हणजे वाळवलेल्या मासोळीचा कीस सोया सॉसमध्ये कालवलेला. आई काहीच बोलली नाही. चूळ भरली, संध्याकाळी दुसऱ्यांदा अंघोळ केली, आणि रात्री झोपताना हळूच म्हणाली, "खमंग होतं पण." आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो न, त्याची किंमत तिथे कळते. तिथे तसलं काही नाही, आणि मासोळीचं पाणी, दाशी म्हणतात, ते सूपमध्ये, सॉसमध्ये, काउंटरवर उकळत असलेल्या ओदेन नावाच्या रश्श्यात, सगळीकडे. दिसायला मुळा असतो, शिजलेला मासोळीच्या पाण्यात असतो.

यातून वाचवलं ते एका नेपाळी पोराने. कोन्बिनीत काउंटरवर नेपाळी, व्हिएतनामी विद्यार्थी खूप आहेत, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमचं मराठी ऐकून तो म्हणाला, आप इंडिया से? झालं, आईला माणूस मिळाला. तो भाषा शिकायला आलेला, विद्यार्थ्यांना आठवड्याला 28 तासच काम करता येतं म्हणे. मागे रांग नाही बघून तो आमच्यासोबत शेल्फपर्यंत आला आणि शिओमुसुबी दाखवली, नुसता भात आणि मीठ. मग पुढचे आठ दिवस आईचं जेवण म्हणजे मिठाचा भात आणि नागपूरहून नेलेलं लिंबाचं लोणचं. तिने त्याच्यासाठी संत्रा बर्फी नेली तर तो दोन्ही हात जोडून म्हणाला, आंटी, ड्यूटी पर नहीं ले सकता. आई रुसली. आपल्या हातचं कोणी नाकारतं म्हणजे काय! शेवटी रात्री त्याची ड्यूटी संपल्यावर भावाने बाहेर नेऊन दिली.

बाकी पटपट. भावाने रहिवासी दाखला दुकानातल्या झेरॉक्स मशीनमधून काढला, सरकारी कार्ड ठेवलं, दाखला बाहेर, मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं होतं काय. बीअर घेताना स्क्रीनवर 'माझं वय वीस किंवा जास्त आहे' असं बटण दाबावं लागतं, माझी दाढी अर्धी पांढरी आहे तरी पोरीने वाकून स्क्रीन दाखवली, मी दाबलं. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत, 1995 ला मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हापासून बऱ्याच काढल्या, म्हणून रिकामी पाकिटं खिशात घालून कोन्बिनीची पेटी शोधायची. खर्रा (सुपारी-तंबाखू) खाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी नीट विचार करा, एवढंच सांगतो.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ओकाकाचा. शाकाहारी म्हातारी माणसं सोबत नेणार असाल तर लोणचं न्या, आणि फोनमध्ये 'मासा' ह्या शब्दाचं जपानी चित्राक्षर सेव्ह करून ठेवा.

परतताना आईच्या बटव्यात 37 येनचे सुट्टे उरले, त्यात एक येनची बरीच. नाणं अल्युमिनियमचं, वजन बरोबर एक ग्रॅम. हळूच ठेवलं तर पाण्यावर तरंगतं. सध्या ती रोज संध्याकाळी नातवाला घेऊन वाटीत पाणी घेते आणि ती नाणी तरंगवून राहिली, बुडालं की नातू ओरडतो, इराश्शाइमासे.