फत्तेपूर सिक्रीला सॅक कोणाच्याही ताब्यात देऊ नका

आग्र्याहून जयपूरला जाताना वाटेत फत्तेपूर सिक्री पाहून घ्यावी, असा बेत पाठीवर सॅक टाकून फिरणारे बरेच जण आखतात आणि तो बेत मुळात चांगलाच आहे. आग्र्यापासून सिक्री सुमारे ३७ किलोमीटरवर आहे, ईदगाह बसस्थानकावरून तिकडे बस मिळते, आणि सिक्रीपासून वीसेक किलोमीटरवर भरतपूर असल्यामुळे तिथून जयपूरसाठी बस किंवा रेल्वे पकडता येते. अडचण एवढीच, की या आखणीत सगळे सामान दिवसभर पाठीवर असते, संध्याकाळच्या आत पुढची गाडी गाठायची घाई असते, आणि या दोन्ही गोष्टी समोरच्याला आपल्याकडे नुसते पाहून कळतात. माझी मैत्रीण आणि मी झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर असा प्रवास रेल्वेने आणि बसने करत होतो. त्यात सिक्रीला आम्हाला ज्या रीतीने लुबाडण्यात आले ती रीत इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ती एका माणसाची लबाडी नव्हती. बसपासून बसपर्यंत नीट बसवलेली साखळी होती.

या साखळीत कोणीही निखळ खोटे बोलले नाही, हे आधी सांगायला हवे. प्रत्येकाने एखादा खरा नियम घेतला आणि त्याच्या शेपटाला आपले खोटे बांधले. आदल्या दिवशी ताजमहालाच्या दारात आमच्या मोठ्या बॅगा आत नेऊ दिल्या नव्हत्या, त्या बाहेरच्या सामानघरात ठेवाव्या लागल्या होत्या. तो नियम खरा आहे आणि तो सक्तीने पाळला जातो. भारतीयांसाठी ५० रुपयांचे तिकीट, मुख्य कबरीपर्यंत जायचे असल्यास आणखी २०० रुपये, शुक्रवारी ताज बंद, हे सगळे आम्ही आधी वाचून गेलो होतो आणि प्रत्यक्षात ते तसेच निघाले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सिक्रीला जाणाऱ्या बसमध्ये एक तरुण आमच्या सॅककडे पाहून अगदी सहज म्हणाला, ‘दीदी, इतना बड़ा सामान अंदर नहीं जाएगा, ताज में रोका था ना?’ तेव्हा त्याचे म्हणणे खरे वाटायला आमचा स्वतःचा ताजा अनुभवच पुरेसा ठरला.

हा तरुण बसमध्ये चढला कुठे, तर सिक्रीच्या जुन्या तटबंदीतल्या आग्रा दरवाजापाशी. तिथे बसचा वेग कमी झाला, दोघे-तिघे आत शिरले आणि ‘किले वाले यहीं उतरो’ असा पुकारा सुरू झाला. वास्तविक गावातले बसस्थानक जामा मशिदीच्या टेकडीच्या अगदी पायथ्याशी आहे. तिथे उतरले की बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चालत गाठता येतात, मध्ये रिक्षा लागत नाही की कोणी वाटाड्या लागत नाही. खासगी मोटारीने येणाऱ्यांना खालच्या वाहनतळावर थांबून वर जाण्यासाठी दुसरे वाहन घ्यावे लागते, हे खरे आहे. पण तो नियम बसने येणाऱ्याला लागू होत नाही. आग्रा दरवाजापाशी उतरवले की मात्र ऑटो घ्यावीच लागते, आणि ती ऑटो तुम्हाला नेमकी एका दुकानासमोर आणून सोडते.

दुकान दगडी वस्तूंचे होते. एका भिंतीला लाकडी फळ्या ठोकून तिथे ‘क्लोक रूम’ अशी पाटी लावली होती. एका नगाचे वीस रुपये, असे तोंडी सांगण्यात आले. वहीच्या पानाचा तुकडा फाडून त्यावर ‘२ नग’ एवढेच लिहून आमच्या हातात दिले गेले. दर नाही, वेळ नाही, दुकानाचे नाव नाही. पुढे जे घडले त्याला हा कागद कारण ठरला, म्हणून त्याचे वर्णन करते आहे: सामान ठेवून घेणाऱ्याने पावतीवर दर आणि सुटण्याची वेळ लिहिलेली नसेल, तर ते सामान ठेवलेले नसते, अडकवलेले असते. वर गेल्यावर मशिदीच्या प्रांगणात पाठीवर आमच्याहून मोठ्या सॅक घेतलेले प्रवासी आरामात हिंडताना दिसले. ते खाली बसस्थानकावर उतरून सरळ चालत आले होते.

दुकानातून आम्हाला एका मुलाच्या स्वाधीन करण्यात आले. तो गाईड नव्हता, असे त्याने स्वतःच तीनदा सांगितले. तो शिकत होता, त्याचे घराणे तिथल्या सूफी संत सलीम चिश्तींच्या दर्ग्याच्या सेवेत होते आणि पैसे तो घेणारच नव्हता. आमचे बोलणे कानावर पडताच ‘कसं काय, बरं आहे ना?’ असे त्याने मराठीतून विचारले आणि आग्र्याच्या किल्ल्यासमोरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पाहिला का, तेही विचारले. महाराष्ट्रातून आग्र्याला जाणारा माणूस १६६६ सालची ती सुटका मनात घेऊनच जातो, हे या मंडळींना पक्के ठाऊक आहे. परक्या गावात कोणी चार शब्द मराठी बोलले की आपण लगेच विरघळतो, आणि त्यांचा धंदा या विरघळण्यावरच चालतो. मैत्रिणीने त्याला ओळखपत्र दाखवायला सांगितले, तेव्हा गळ्यातल्या पट्ट्याचे कार्ड त्याने दाखवले खरे, पण फिरते ठेवूनच. परवानाधारक गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचे किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचे ओळखपत्र असते, त्यावर छायाचित्र आणि क्रमांक असतो. ते हातात घेऊन वाचायला मागावे, आणि न मिळाल्यास तिथूनच मागे फिरावे.

सिक्रीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. अकबराची ही राजधानी १५७१ पासून १५८५ पर्यंतची. आज तिचे दोन भाग पडतात. पंचमहाल, दिवाण-ए-खास, अनूप तलाव हा महालांचा भाग पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचा, दारावर तपासणी असलेला. जामा मशीद, बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तींचा दर्गा या भागाला तिकीट नाही, कोणीही येऊ-जाऊ शकतो. साहजिकच तिकीट नसलेल्या भागात या मंडळींचा मुक्त वावर असतो, आणि तिकिटाच्या दाराशी तुम्ही पोहोचण्याआधी तुमचा खिसा हलका करायचा असतो. दर्ग्याला तिकीट नाही, हे सत्य आमच्या सोबतीच्या मुलाने मोठ्या कौतुकाने सांगितले. जणू ती सवलत त्यानेच मिळवून दिली होती.

पांढऱ्या संगमरवरातला तो दर्गा खरोखर पाहण्यासारखा आहे. त्याच्या जाळ्यांतून उतरणारा उजेड, जाळीला बांधलेले लाल-पिवळे धागे, आत जाताना डोके झाकायची रीत, हे सगळे मनाला नमवणारे असते. जहांगीराचा जन्म १५६९ साली सलीम चिश्तींच्या आशीर्वादाने झाला, अशी श्रद्धा असल्यामुळे मूल व्हावे म्हणून तिथे आजही लोक धागा बांधतात. नेमक्या अशा वेळी माणसाला व्यवहाराचे बोलणे अशिष्ट वाटते. मुलाने आम्हाला प्रांगणातल्या एका चादरवाल्यापुढे बसवले. चादर चढवल्याशिवाय धागा बांधता येत नाही, ती चादर नंतर गरीब मुलींच्या लग्नात दिली जाते, असे सांगण्यात आले. ११०० रुपयांची लहान, २१०० ची मधली आणि ५१०० ची मोठी. मैत्रिणीने लहान घेतली. ती चढवून आम्ही बाहेर आलो, मशिदीच्या ओवरीत थोडा वेळ बसलो, आणि तिथून आम्हाला स्वच्छ दिसले, की एक पोरगा काही चादरींची घडी काखोटीला मारून त्याच विक्रेत्याकडे परतला. आमच्या चादरीच्या कडेला जर उसवून एक सोनेरी दोरा लोंबत होता. वरच्याच घडीला तो दोरा होता. दर्ग्याच्या आतल्या सेवेकऱ्यांशी याचा काही संबंध आहे, असे मी म्हणत नाही, आत आमच्याकडे कोणीही पैसे मागितले नाहीत. श्रद्धेने चादर चढवायची असेल त्यांनी ती आपल्या गावाहून न्यावी किंवा दुकानात दर विचारून, घासाघीस करून, एकट्याने घ्यावी.

त्यानंतर आग्र्यापर्यंत जाणारे म्हणून एक भुयार, त्यातून पळून गेलेली अनारकली वगैरे कथा झाल्या. त्यांना इतिहासात आधार नाही, पण त्या फुकट असत्या तर माझी हरकत नव्हती. कथा संपताच ‘मेरे अब्बा का काम’ म्हणून एका पथारीवर हत्तीच्या पोटात हत्ती कोरलेल्या मूर्ती दाखवण्यात आल्या. संगमरवर म्हणून विकला जाणारा तो बहुधा सोपस्टोन असतो. नखाने ओरखडा काढून पाहावा: सोपस्टोनवर तो उमटतो, संगमरवरावर उमटत नाही. आम्ही ओरखडा काढला, तो उमटला, आणि मुलाचा स्वर त्या क्षणापासून बदलला. महालांच्या तिकीटदारापाशी त्याने दीड हजार रुपये मागितले. पैसे घेणार नाही म्हणाला होतास, याची आठवण दिल्यावर ‘सामान तो हमारे पास है’ हे एकच वाक्य तो शांतपणे बोलला. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मैत्रिणीच्या सॅकमध्ये तिची रोजची औषधे होती. आम्ही ८०० रुपयांवर सौदा केला आणि त्याने पुढे केलेल्या क्यूआर कोडवर ते भरले.

महाल आम्ही घाईघाईने पाहिले. पंचमहालाच्या सावलीत दोन मिनिटे उभे राहायलाही मन लागेना.

खाली आलो तेव्हा दुकान अर्धे बंद होते. मालक जेवायला गेले आहेत, चावी त्यांच्याकडे आहे, असे एका माणसाने सांगितले. ऊन कलत होते, आम्हाला भरतपूरकडे निघायचे होते. मालक आले आणि हिशेब झाला तो असा: वीस रुपये हा एका नगाचा पूर्ण वेळेचा दर नसून पंधरा मिनिटांचा होता, त्यात रखवालीचे वेगळे आणि ‘सीसीटीव्ही’चे वेगळे, एकूण १३०० रुपये. दुकानात कॅमेरा दिसत नव्हता. वाद घातल्यावर दुकानातली एखादी वस्तू घेतल्यास सामानाचे पैसे माफ, असा उदार तोडगा पुढे आला. वस्तूंच्या किमती ऐकून आम्ही सामानाचेच पैसे दिले. सॅक हातात आल्या तेव्हा माझ्या सॅकची वरची झिप मी ठेवली होती त्याच्या दुसऱ्या टोकाला होती. काही गेले नव्हते, पण उचकापाचक झाली होती.

याच दुकानात एकाने जयपूरच्या एसी बसची दोन आसने देऊ केली. सिक्रीहून जयपूरची बस गावात येत नाही, बायपासवर थांबते, हे त्याने सांगितले आणि आग्रा-जयपूर गाड्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. प्रत्येकी ६५० रुपये रोख घेऊन त्याने शिक्का मारलेली चिठ्ठी दिली, ऑटोत बसवून बायपासवर सोडले आणि पांढरी बस येईल म्हणाला. बराच वेळ कोणतीही पांढरी बस आली नाही. आली ती राजस्थान रोडवेजची साधी बस. कंडक्टरने चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली, ‘ये तो रोज़ का है, मैडम’ म्हणाला आणि आपल्या यंत्रातून दोन खरी तिकिटे काढून दिली. त्याने आम्हाला पुढच्या दोन आसनांवर बसवले, हे मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवसात आम्हाला भेटलेला तो पहिला माणूस होता, ज्याने जेवढे सांगितले तेवढेच घेतले.

ज्यांना सिक्री पाहायचीच आहे त्यांनी मोठे सामान आग्रा कँट स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवावे. त्यासाठी रेल्वेचे वैध तिकीट आणि बॅगेला कुलूप लागते, दर फलकावर लिहिलेले असतात आणि छापील पावती मिळते. सिक्री पाहून आग्र्याला परतावे आणि जयपूरची रेल्वे तिथूनच धरावी. थोडा उलटा प्रवास होतो, पण हात मोकळे राहतात. सामान बरोबर न्यायचेच असेल तर ते पाठीवरून उतरवू नये. बसमध्ये कोणी काहीही सांगो, गावातल्या बसस्थानकाशिवाय उतरू नये आणि शंका आल्यास कंडक्टरलाच विचारावे. वाटेत कोणी अडवलेच तर ११२ वर पोलिसांना आणि १३६३ या पर्यटक मदत क्रमांकावर फोन करावा. फोन लावतो आहोत हे समोरच्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्यास भाव आपोआप उतरतो, असे नंतर आम्हाला बसमधल्या एका सहप्रवाशाने सांगितले.

जयपूरला पोहोचल्यावर मैत्रिणीने यूपीआयवरचे व्यवहार उघडले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मुलाचे ८००, चादरीचे ११०० आणि सामानाचे १३०० रुपये आम्ही तीन वेगवेगळ्या माणसांना, तीन वेगवेगळ्या कोडवर दिले होते. तिन्ही रकमा एकाच नावाच्या एकाच खात्यात जमा झाल्या होत्या. ते नाव, यूपीआय आयडी, तिन्ही व्यवहारांचे बारा अंकी क्रमांक आणि ‘२ नग’ लिहिलेल्या कागदाचे छायाचित्र जोडून आम्ही उत्तर प्रदेश पोलिसांकडे लेखी तक्रार पाठवली. दुसऱ्याच आठवड्यात एका पोलिसाचा फोन आला. त्याने विचारपूस केली, तक्रार मागे घेणार का असे विचारले, आम्ही नाही म्हटले. त्यानंतर सामानाचे आणि चादरीचे पैसे त्याच खात्यातून मैत्रिणीच्या खात्यात परत आले. मुलाचे ८०० आले नाहीत, कारण ते आम्ही ‘खुशीने’ दिले होते, असे खातेदाराने पोलिसांना सांगितले. बसचे १३०० रुपये रोखीने दिले होते. त्या शिक्क्यावरचे नाव पुसट होते आणि दिलेला फोन क्रमांक नऊच आकडी निघाला.